साचा कोण घोटतो?

(कस्तुरबा गांधी मार्ग, नवी दिल्ली येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



दिल्लीतल्या मराठी माणसाला कस्तुरबा गांधी मार्ग वेगळा सांगायला नको. नवं महाराष्ट्र सदन याच रस्त्यावर आहे आणि गावाकडचं कोणी आलं की पाय आपोआप इकडे वळतात. जुन्या लोकांच्या तोंडी हा अजून कर्झन रोडच आहे. रस्त्याच्या एका टोकाला कॅनॉट प्लेस, दुसऱ्या टोकाला इंडिया गेट. कॅनॉट प्लेसला चष्म्यांची आणि कॅमेऱ्यांची दुकानं आहेत. इंडिया गेटपाशी २०१९ पासून राष्ट्रीय युद्ध स्मारक आहे. म्हणजे एका टोकाला भिंग विकत मिळतं, आणि दुसऱ्या टोकाला अशांची नावं कोरलेली आहेत ज्यांच्यातल्या कित्येकांनी तेच भिंग डोळ्याला लावून सीमेपलीकडे पाहिलं होतं.

आज मी भिंगाबद्दल बोलणार आहे, पण भिंगाच्या आधीच्या एका वस्तूबद्दल जास्त. काच ज्याच्यात दाबून भिंग तयार करतात तो धातूचा साचा, आणि तो साचा घोटून आरशासारखा करणारा माणूस. आयोजकांनी मला विचारलं, "कर्नलसाहेब, लोकांना रणगाडे, सियाचीन असलं काही सांगा ना." मी म्हटलं, रणगाड्याबद्दलच बोलतोय. रणगाड्याला डोळे कुठून येतात, ते सांगतोय.

माझी ओळख दोन वाक्यांत. सातारा जिल्ह्यातला माणूस, पदवी घेऊन फौजेत गेलो आणि सगळी नोकरी ईएमईत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स अँड मेकॅनिकल इंजिनिअर्समध्ये झाली. आमचं काम लढणाऱ्याच्या हातातली वस्तू चालती ठेवणं. तिथे शिकलेली एक गोष्ट हा आजच्या बोलण्याचा कणा आहे: जी वस्तू आपल्याला दुरुस्त करता येत नाही, ती आपल्या मालकीची नसते. आपण फक्त तिचे पैसे भरलेले असतात.

आता मूळ विषय. भिंग घडवायच्या दोन तऱ्हा आहेत. पहिली तऱ्हा जुनी, घासायची. काचेची चकती घ्यायची, खोलगट वाटीत घासपूड आणि पाणी घालायचं आणि चकती त्यात गोल गोल फिरवत राहायचं. यात निसर्ग आपल्याला एक सवलत देतो. दोन पृष्ठभाग सगळ्या दिशांनी एकमेकांवर घासत राहिले की ते आपोआप गोलाचा भाग होतात. कारण दोन पृष्ठभाग एकमेकांवर कसेही सरकवले तरी बिलगलेलेच राहतील, असा आकार गोलाचाच. सपाट हा त्याचाच एक प्रकार. म्हणून गॅलिलिओच्या काळापासून लोक हातानं उत्तम भिंगं करू शकले.

पण गोल पृष्ठभागाच्या भिंगात एक खोट असते. कडेनं आलेले किरण आणि मधून गेलेले किरण एकाच बिंदूवर येत नाहीत. चित्र थोडं पिंजारतं. ते सुधारायला एकामागे एक चार-पाच भिंगं लावावी लागतात. वजन वाढतं, लांबी वाढते, किंमत वाढते. त्याऐवजी भिंगाचा आकारच गोलापासून किंचित, ठरवून, हिशेबानं ढळवला तर एक भिंग दोन-तीन भिंगांचं काम करतं. पण हा ढळलेला आकार घासून करायला गेलात की निसर्गाची सवलत संपते. घासणं त्याला पुन्हा पुन्हा गोलाकडेच ओढतं. एक भिंग कौशल्यानं करता येईल. हजार एकसारखी करायची तर?

तिथे दुसरी तऱ्हा येते, साच्याची. धातूचे किंवा कार्बाइडचे दोन ठोकळे घ्यायचे, त्यांच्या तोंडांवर भिंगाचा उलटा आकार कोरायचा, मध्ये काचेचा तुकडा ठेवायचा. काच तापवायची, पण वितळवायची नाही. पुरणाच्या पोळीची कणीक कशी असते, हातानं दाबली तर आकार घेते आणि सोडली तर वाहत नाही, तेवढीच मऊ. मग सावकाश दाब द्यायचा, दाब ठेवूनच थंड करायचं आणि भिंग बाहेर काढायचं. नंतर घासणं नाही. साच्यातून निघालं ते भिंग. १९८२ साली कोडॅकनं डिस्क नावाचा कॅमेरा बाजारात आणला, त्यात अशी साच्यातली काचेची भिंगं मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. आज चांगल्या कॅमेऱ्यात, लेझरच्या उपकरणांत आणि रात्री दिसणाऱ्या दुर्बिणीतही असली भिंगं असतात. तुमच्या मोबाईलमधली बहुतेक भिंगं प्लॅस्टिकची आहेत, पण तीही साच्यातूनच पडतात आणि तिथेही प्रश्न तोच.

प्रश्न असा. नंतर घासणं नाही, याचा अर्थ साच्यावर जे आहे ते सगळं भिंगावर उतरणार. साच्यावर ओरखडा असेल तर पहिल्या भिंगावर ओरखडा, हजाराव्या भिंगावरही तोच. चित्रकाराचा हात एकदा चुकला तर एक चित्र बिघडतं. छपाईचा ठसा चुकला तर सगळी आवृत्ती बिघडते. साचा घोटणारा माणूस ठसा करतो, आवृत्ती नाही.

हा पृष्ठभाग किती गुळगुळीत लागतो? आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड. हिरव्या प्रकाशाच्या लहरीची लांबी अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास. साच्याच्या तोंडावरचा उंचसखलपणा त्याहूनही खूप कमी, काही नॅनोमीटर लागतो. एक मायक्रॉन म्हणजे १००० नॅनोमीटर. आकडे डोक्यात शिरत नाहीत, म्हणून एक हिशेब करू. दहा मिलिमीटर रुंदीचा साचा घ्या, त्यावर पाच नॅनोमीटरचा खडबडीतपणा आहे असं धरा. आता हा साचा वीस लाख पटींनी मोठा करा. तो २० किलोमीटर रुंद होईल. आपण बसलो आहोत तिथे मध्य धरून वर्तुळ काढलं तर लाल किल्ला त्यात, हुमायूनची कबर त्यात, यमुनेचं पात्र त्यात. आणि एवढ्या सगळ्या विस्तारावर चढउतार किती? एक सेंटीमीटर. एवढी जमीन सारवायची आहे आणि बोटाच्या पेरापेक्षा जास्त उंचवटा कुठे राहू द्यायचा नाही.

हे करतात कसं? स्वतः पाहिलेलं सांगतो. निवृत्तीनंतर दिल्लीच्या आसपास, फरिदाबाद-मानेसरच्या पट्ट्यात, काही टूलरूममध्ये माझं जाणं-येणं राहिलं. तिथे पोलादी साचे घोटणारे एक कारागीर भेटले. बिहारचे, पन्नाशीचे. सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे, मीही म्हणायला लागलो. टूलरूममधल्या बाकीच्या खोल्यांत यंत्रांचा आवाज, यांच्या खोलीत फक्त एक ट्यूबलाइट, एक बाकडं आणि शांतता.

यंत्रावरून साचा येतो तेव्हा त्यावर हत्याराच्या रेषा असतात. उस्ताद आधी दगड घेतात. घासण्याचे दगड, जाड कणांपासून बारीक कणांपर्यंत. मग एमरी पेपर, ४०० नंबर, ६००, ८००, १२००. मग हिऱ्याची पेस्ट, पंधरा मायक्रॉनचे कण, मग नऊ, सहा, तीन, एक. पेस्ट लावायला लाकडाच्या काड्या आणि नमद्याचे तुकडे. ऐकायला सोपं आहे, चंदन उगाळण्यासारखं. पण यात तीन नियम आहेत आणि ते तिन्ही न मोडता आठ तास बसणं हीच विद्या.

पहिला नियम, दिशा. प्रत्येक पायरीला घासण्याची दिशा बदलायची. आधीच्या पायरीचे ओरखडे उभे असतील तर आता आडवे किंवा तिरपे घासायचं. उभ्या रेषा एकूण एक दिसेनाशा झाल्या की ही पायरी संपली. दिशा बदलली नाही तर जुना ओरखडा नव्यांत लपून बसतो आणि अगदी शेवटी, सगळं चकचकीत झाल्यावर, तोंड वर काढतो. मग परत दगडापासून सुरुवात.

दुसरा नियम, स्वच्छता. प्रत्येक पायरीनंतर साचा धुवायचा, हात धुवायचे, कापड बदलायचं. नऊ मायक्रॉनची काडी तीन मायक्रॉनच्या डबीत कधी जाता कामा नये. इथे दिल्लीकरांना वेगळं समजवायला नको. पीएम १० आणि पीएम २.५ हे शब्द आपल्या लहान मुलांनाही पाठ आहेत. ते आकडे मायक्रॉनचेच. शेवटच्या पायरीला हिऱ्याचा कण एक मायक्रॉनचा असतो. दिवाळीनंतरच्या हवेतला धुळीचा कण त्याच्या दहापट मोठा असू शकतो. म्हणून नेमक्या कामाच्या खोल्यांत हवा गाळून आत सोडतात आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा थोडा जास्त ठेवतात, म्हणजे फटीतून हवा बाहेर जाते, धूळ आत येत नाही. उस्तादांकडे तसली खोली नव्हती. ते खिडकीला ओला पडदा लावायचे आणि शेवटची पायरी पहाटे करायचे.

तिसरा नियम सगळ्यात अवघड, थांबणं. पोलाद गरजेपेक्षा जास्त घोटलं की त्याचा पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा होतो. बारीक बारीक खळगे. नवशिका घाबरतो आणि आणखी घासतो, त्यानं ते आणखी वाढतं. तिथे हात उचलायचा असतो, दोन पायऱ्या मागे जायचं असतं. शिवाय साच्याची कड गोल होऊ द्यायची नाही. दोन अर्धे जिथे मिटतात तिथली कड सुईसारखी राहिली पाहिजे, नाहीतर फटीतून माल बाहेर येतो. उस्तादांना मी विचारलं, थांबायचं कधी हे कळतं कसं? ते म्हणाले, "साहब, ट्यूबलाइट देखिए." साच्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पाहायचं. साचा हळूहळू तिरपा करायचा. प्रतिबिंबाची रेघ सरकताना कुठे लचकली, थरथरली, तर तिथे खळगा आहे. प्रयोगशाळेत यासाठी लाखो रुपयांची उपकरणं असतात आणि शेवटचा निकाल त्यांचाच. पण उपकरणापर्यंत साचा पोचेपर्यंत शंभरदा ठरवायचं असतं की आता पुरे की आणखी. ते ट्यूबलाइटच ठरवते.

आता काचेच्या साच्याची गोष्ट पोलादाहून पुढची आहे. प्लॅस्टिक दोन-तीनशे अंशांवर मऊ होतं, तिथे चांगलं पोलाद चालतं. आरशासारखं काम हवं असेल तर पोलादावर निकेल-फॉस्फरसचा थर चढवून तो हिऱ्याच्या टोकानं कातरतात. थर का? कारण पोलाद थेट हिऱ्यानं कातरायला गेलं तर हिराच झिजतो. हिरा म्हणजे कार्बन, आणि तापलेलं लोखंड कार्बनला गिळतं. पण नेहमीची भिंगाची काच मऊ व्हायला पाचशे-सहाशे अंश लागतात. तेवढ्या उष्णतेत हा निकेलचा थर टिकत नाही आणि पोलादही आपला आकार धरून ठेवत नाही. म्हणून तिथे टंगस्टन कार्बाइड वापरतात, हिऱ्याच्या चाकानं घासतात आणि मग घोटतात. तापलेली काच साच्याला चिकटू पाहते, म्हणून वर प्लॅटिनम-इरिडियमसारख्या मौल्यवान धातूंचा किंवा कार्बनचा पातळ थर देतात. साचा हवेत गंजू नये म्हणून सगळं काम नायट्रोजनमध्ये किंवा निर्वातात चालतं. आणि गंमत अशी की साच्याचा आकार भिंगाच्या आकाराची हुबेहूब उलटी प्रत नसतो. थंड होताना काच आणि साचा वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात. तो फरक आधीच मोजून साचा मुद्दाम 'चुकीचा' करावा लागतो, तेव्हा भिंग बरोबर येतं.

हा थर हजारो दाबांनंतर खराब होतो. मग जुना थर काढायचा, साचा पुन्हा घोटायचा, नवा थर द्यायचा. प्रत्येक वेळी थोडं द्रव्य जातं, आकार किंचित सरकतो. म्हणजे साचा किती वेळा पुन्हा वापरता येईल, हे घोटणाऱ्यानं किती कमी काढलं यावर ठरतं. आता तुमच्या लक्षात येईल की माझ्यासारख्या दुरुस्तीवाल्याला या विषयाची ओढ का लागली.

फौजेत डोळ्यांचं महत्त्व काय असतं, ते पहिल्या महायुद्धात जगाला कळलं. १९१४ साली ब्रिटनला लागणाऱ्या प्रकाशीय काचेपैकी जवळजवळ ६० टक्के जर्मनीतून यायची, ३० टक्के फ्रान्समधून आणि घरची फक्त १० टक्के. युद्ध सुरू झालं आणि शत्रूनं अर्थातच काच बंद केली. जगातल्या सगळ्यात मोठ्या साम्राज्याला आपल्या नागरिकांकडे घरातल्या दुर्बिणी मागायची वेळ आली. फील्ड मार्शल लॉर्ड रॉबर्ट्स यांनी तसं आवाहन केलं. पुढे अमेरिका युद्धात उतरली तेव्हा तिथेही तेच. नौदलाचे त्या वेळचे सहायक सचिव होते फ्रँकलिन रूझवेल्ट, पुढे जे राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांनी लोकांना सांगितलं, नौदलाला डोळे हवेत, तुमच्या दुर्बिणी उसन्या द्या. दुर्बिणीमागे एक डॉलर भाडं ठरलं. घोड्यांच्या शर्यती पाहायच्या दुर्बिणी युद्धनौकांवर गेल्या.

आपल्याकडे दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, डेहराडूनला प्रकाशीय उपकरणांचा आयुध कारखाना उभा राहिला. १९६० मध्ये तिथेच संरक्षण संशोधनाची उपकरण प्रयोगशाळा, आयआरडीई, आली. आणि कोलकात्याच्या केंद्रीय काच व मृत्तिका संशोधन संस्थेत डॉ. आत्माराम यांच्या पुढाकारानं १९६०च्या सुमारास प्रकाशीय काच देशात तयार होऊ लागली. उत्तर प्रदेशातल्या बिजनौर जिल्ह्यातल्या पिलाना या खेड्यातून आलेला हा रसायनशास्त्रज्ञ. जगात मोजक्या देशांकडे असलेली आणि कुणी शिकवायला तयार नसलेली कृती त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथे बसवली. हे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत आणखी मोठ्या अक्षरांत असायला हवं.

माझा स्वतःचा अनुभव लहान आहे, पण सांगतो. ईशान्येत दमट हवेत दुर्बिणीच्या भिंगावर बुरशी धरते. कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी दिसते. आमचे इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक जवान भिंगं सोडवून, पुसून, पुन्हा बसवून, आत कोरडा नायट्रोजन भरून ती दुर्बीण परत उभी करायचे. ते काम आमच्या हातात होतं, म्हणून दुर्बीण आमची होती. पुढे एका परदेशी उपकरणातलं एक छोटं भिंग तडकलं. त्याचा आकार गोल नव्हता, साच्यातून पडलेलं होतं. ते घासून करणं आमच्या वर्कशॉपच्या आवाक्याबाहेर. विकणाऱ्या कंपनीला लिहिलं. उत्तर आलं की ती मालिका बंद झाली आहे, साचा आता राहिलेला नाही, पूर्ण नवं उपकरण घ्या. नखाएवढ्या काचेसाठी ते यंत्र सव्वा वर्ष कपाटात पडून राहिलं. चौकीवरच्या पोरांनी तो हिवाळा जुन्या दुर्बिणीवर काढला. कुणाचा जीव गेला नाही, हे आमचं नशीब. पण नशीब हे काही भांडारातून मागवता येत नाही.

आज याच गोष्टीला आणखी एक धार आली आहे. उष्णतेवरून माणूस दाखवणाऱ्या थर्मल दुर्बिणीत साधी काच चालत नाही, ती त्या किरणांना अपारदर्शक असते. तिथे जर्मेनियम हा धातूसारखा पदार्थ वापरतात. जर्मेनियमचा मोठा पुरवठादार चीन. १ ऑगस्ट २०२३ पासून चीननं त्याच्या निर्यातीवर परवाना लावला आणि डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेला तो देणं बंद असल्याचं जाहीर केलं. याला एक उत्तर आहे, चाल्कोजेनाइड नावाची काच. सेलेनियम, आर्सेनिक, अँटिमनी अशा पदार्थांपासून होते, काही प्रकारांत जर्मेनियम थोडं लागतं, काहींत मुळीच नाही. ती नेहमीच्या काचेपेक्षा खूप कमी उष्णतेत मऊ होते, म्हणजे साच्यात दाबायला सोयीची. शिवाय थर्मल किरणांची लहर आठ ते बारा मायक्रॉन लांब, म्हणून साच्याच्या आकारातली थोडी चूक तिथे खपून जाते. म्हणजे शिकायला सुरुवात करावी तर इथूनच, असं हे क्षेत्र आहे. काच आपण मिळवू. पण साचा कोण घोटणार?

आपल्या मराठी मुलखात काचेचा आणि साच्याचा इतिहास आहे, तो विसरून चालणार नाही. अंताजी दामोदर काळे नावाच्या गृहस्थांनी कल्पना काढली की प्रत्येकानं वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग उभा करावा. लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली. तोच पैसा फंड. त्या पैशांतून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. तिथे काचेचे जाणकार म्हणून आले ईश्वरदास वार्ष्णेय, जपानला जाऊन हे शास्त्र शिकलेले, उत्तर प्रदेशचे. बघा, पैसा मराठी शेतकऱ्याचा, विद्या जपानची, शिकवणारा हिंदी मुलखातला. आणि या कारखान्याचा हेतू नुसता माल काढणं नव्हता, माणसं शिकवणं हाही होता.

मग १९१६ मध्ये औंध संस्थानच्या हद्दीत, कराडजवळ, ओगले बंधूंचा काच कारखाना उभा राहिला. गावाचं नावच ओगलेवाडी पडलं. आमच्या पिढीत प्रभाकर कंदील न पाहिलेला माणूस सातारा जिल्ह्यात सापडणार नाही. दिवेलागणीला त्याची काच राखेनं पुसायचं काम घरातल्या पोरांकडे असायचं. अशा गोल काचा साच्यात फुंकून करतात. त्याची एक जुनी, फार सुंदर युक्ती आहे. साच्याच्या आतून जवस तेल आणि लाकडाची किंवा बुचाची भुकटी यांचा लेप देऊन तो भाजतात. वापरताना हा लेप ओला करतात. लालबुंद काच आत गेली की पाण्याची वाफ होते आणि काच आणि साचा यांच्यामध्ये वाफेची गादी तयार होते. फुंकणारा नळी फिरवत राहतो. काच लोखंडाला टेकतच नाही, वाफेवर फिरते, म्हणून तिच्यावर ना जोडाची रेघ येते ना साच्याचा डाग. जुन्या कारागिरानं वाफेकडून पॉलिश करून घेतलं. आजच्या भिंगाला मात्र वाफेची गादी चालत नाही. तिथे काचेनं साच्याला अंगभर बिलगावं लागतं, म्हणून साच्यालाच निर्दोष व्हावं लागतं. शंभर वर्षांतला फरक एवढाच आहे.

वीज गावोगाव पोचली, कंदिलाची गरज संपली. त्याबद्दल रडायचं कारण नाही, उजेड वाढला. पण कंदिलाबरोबर साचे करणाऱ्या आणि काच ओळखणाऱ्या हातांची साखळीही तुटते, आणि तिचा हिशेब ताळेबंदात कुठेच मांडलेला नसतो.

आता समोर तरुण मंडळी बसली आहेत, त्यांच्या मनातला प्रश्न मी ओळखतो. काका, हे सगळं यंत्रमानव करणार नाही का? बरंचसं करेल, आणि करायला हवं. चुंबकानं घट्ट होणाऱ्या द्रवानं पृष्ठभाग घोटणारी यंत्रं आज आहेत, संगणक मोजून सांगतो कुठे किती काढायचं. नॅनोमीटरच्या कामात यंत्राचा हात माणसापेक्षा स्थिर आहे, यात वाद नाही. पण त्या यंत्रासमोरही कुणीतरी उभं असतं. डाग कशामुळे आला, पोलादातल्या अशुद्धीमुळे, थरामुळे, की काचेमुळे? पुन्हा घोटायचा की टाकून द्यायचा? हे ओळखायला ज्यानं हातानं घासलं आहे त्याचा डोळा लागतो. फौजेत संगणक आले म्हणून आम्ही नकाशा वाचायला शिकवणं बंद केलं नाही.

म्हणून माझं मागणं तीन गोष्टींचं आहे, आणि ती काही फार मोठी नाहीत.

एक, शिक्षण. आयटीआयमध्ये टूल अँड डाय मेकरचा अभ्यासक्रम आहे. छत्रपती संभाजीनगरला इंडो-जर्मन टूल रूम आहे, हैदराबादला सीआयटीडी आहे. हुशार मुलंमुली तिथे गेली तर घरात सुतक पाळू नका. माझ्या ओळखीत एका मुलीनं पदवीनंतर टूलरूम निवडली तर नातेवाईक विचारत होते, मार्क कमी पडले का? आपण ज्ञानेश्वरीपासून ऐकत आलो की कर्म हीच पूजा, आणि पोरगी साचा घोटायला बसली की आपल्याला तिचे मार्क आठवतात.

दोन, मोबदला आणि आरोग्य. कार्बाइडची धूळ साधी नसते. टंगस्टन कार्बाइड आणि कोबाल्टच्या बारीक धुळीनं फुफ्फुसाचा आजार होतो, वैद्यकशास्त्राला तो माहीत आहे. ओलं घासणं, धूळ ओढून घेणारा पंखा, योग्य मुखपट्टी, वर्षातून एकदा श्वासाची तपासणी, एवढ्यानं बरंच टळतं. दगडावर बसणाऱ्या माणसाचा खोकला हा धंद्याचा भाग समजू नका. सैनिकाला हेल्मेट देतो तसंच हे आहे.

तीन, नोंद. उस्तादांना मी एकदा विचारलं होतं, तुमच्यानंतर कोण? ते हसले आणि म्हणाले, मुलगा गुरुग्रामला मोटारसायकलवरून डबे पोचवतो, रोजचे पैसे रोज हातात येतात. त्यांच्याजवळ तीस वर्षांचं जे शहाणपण आहे ते कागदावर कुठेच नाही. कोणत्या पोलादाला कोणत्या दगडानं सुरुवात करायची, कुठे थांबायचं, हे त्यांच्या बोटांत आहे. ज्यांच्याकडे टूलरूम आहेत त्यांना माझी विनंती आहे, अशा माणसाशेजारी दोन वर्षं एक शिकाऊ बसवा, पगार देऊन बसवा. वही घेऊन, मोबाईलचा कॅमेरा घेऊन बसवा. त्याचा खर्च एका आयात साच्याच्या किमतीशी ताडून बघा आणि मग मला सांगा महाग काय आहे.

मंडळी, आत्मनिर्भर हा शब्द आपण हल्ली खूप ऐकतो. माझ्यासारख्या वर्कशॉपच्या माणसाच्या मते त्याची कसोटी साधी आहे. वस्तू बिघडली त्या दिवशी आपल्याला कुणाला पत्र लिहावं लागतं? परदेशात लिहावं लागत असेल तर आपण ग्राहक आहोत. पलीकडच्या खोलीतल्या माणसाला हाक मारून भागत असेल तर आपण मालक आहोत. ती पलीकडची खोली आणि त्यातला माणूस टिकवणं, हे काम सरकारचं आहे, कारखानदाराचं आहे आणि पोरांना काय शिकवायचं हे ठरवणाऱ्या तुमचं-माझंही आहे.

 प्रश्न असतील तर खुशाल विचारा, अवघड असले तरी चालतील.

जय हिंद, जय महाराष्ट्र.